दारात किल्ली फिरली की पोटात गोळा का येतो?

"नवरा चांगला आहे. दारूला शिवत नाही, कधी आवाज चढवत नाही. तरी तो गप्प बसला की मला काही सुचत नाही. माझंच काहीतरी चुकलं असणार, असं वाटतं." ३८ वर्षांच्या एका ताईंची ही तक्रार. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) शब्द बदलून हेच अनेक बायका सांगतात, पुरुषही सांगतात.

ताई समुपदेशनाला आल्या त्या मुलीमुळे. संध्याकाळी दारात किल्ली फिरली, तशी चित्र रंगवत बसलेली ९ वर्षांची लेक थबकली आणि आईच्या चेहऱ्याकडे बघत हळूच म्हणाली, "आज बाबा चिडलेत का गं?" बाबा चिडलेले नव्हतेच. लेक आईचा चेहरा वाचत होती.

ताई लहान असताना त्यांचे वडील रात्री पिऊन यायचे. फाटकाची कडी कशी वाजते, यावरून छोटी ताई रात्रीचा अंदाज बांधायची. हळू वाजली तर ठीक. आपटली तर धाकट्या भावाला मागच्या खोलीत न्यायचं, आईला ताट वाढायला सांगायचं आणि आपण वडिलांना बोलण्यात गुंतवायचं. नातेवाईक म्हणायचे, "किती समजूतदार आहे!" हे कौतुक पुढे फार नडतं. सगळ्यांना सांभाळलं तरच आपल्याला किंमत, अशी खूणगाठ मनात पक्की बसते.

घर बदललं, माणूस बदलला, पण शरीराला ते कळलेलं नसतं. आवाज आला की छातीत धडधड आधी होते, विचार मागून येतो. म्हणून "आता कशाला घाबरतेस?" असं समजावून काही उपयोग होत नाही.

असे अनुभव विरळा नाहीत. अमेरिकेत १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात साडेनऊ हजार प्रौढांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी बालपणीचा किमान एक क्लेशदायक अनुभव नोंदवला होता. घरात दारूचं व्यसन असणं त्यात मोजलेलं होतं. असे अनुभव जितके जास्त, तितका मोठेपणी नैराश्याचा आणि व्यसनाचा धोका जास्त दिसला. धोका म्हणजे विधिलिखित नव्हे, हे ताईंना दोनदा सांगावं लागलं.

मग कागदावर तीन पिढ्या काढल्या. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, भांडणाच्या नात्याला नागमोडी रेघ, तुटक संबंधाला तुटक रेघ. आजीपासून प्रत्येक पिढीतली थोरली मुलगी घर सावरणारी निघाली. ताई बराच वेळ लेकीच्या वर्तुळावर बोट ठेवून बसल्या.

पुढचे दोन आठवडे वहीत चार रकाने: काय घडलं, शरीरात कुठे जाणवलं, मनात कोणतं वाक्य आलं, मी काय केलं. नोंद त्याच दिवशी, दोन-तीन ओळींत. उशीर झाला की माणूस जाणीव विसरतो आणि स्पष्टीकरण लिहितो. ताईंच्या दुसऱ्या रकान्यात रोज "पोट" होतं आणि चौथ्यात रोज "काय झालं म्हणून विचारलं".

म्हणून बदल चौथ्या रकान्यापासून केला. विचारावंसं वाटलं की २० मिनिटं थांबायचं. चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असं पाच वेळा. तरीही राहवलं नाही तर "मी काय चुकले?" याऐवजी "तू दमलायस का?" असं विचारायचं. पहिल्या आठवड्यात अस्वस्थता वाढते. अनेक जण इथेच सोडून देतात.

दुसरी अडचण माहेरची. फोनवर आईचं ऐकून लगेच मध्यस्थी करणं ताईंनी थांबवलं, तर ऐकावं लागलं, "तू पूर्वी अशी नव्हतीस." घरातला एक जण जागा सोडतो तेव्हा बाकीचे त्याला परत तिथेच ओढतात. यात दुष्टपणा नसतो, सवय असते. याच टप्प्यावर वडिलांना जाब विचारायची ऊर्मीही येते. आम्ही घाई करू देत नाही. समोरून नकार आला तर जखम नव्याने उघडते, आणि तो नकार पेलण्याची ताकद आधी यायला हवी.

जुने प्रसंग डोळ्यांसमोर जसेच्या तसे उभे राहत असतील, झोप उडाली असेल किंवा जीव नकोसा वाटत असेल तर मात्र वही पुरेशी नाही. मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येतं.

सातव्या आठवड्यातली ताईंची एक नोंद: "किल्ली वाजली. पोटात आलं. विचारलं नाही, भाजी चिरत राहिले. लेक रंगवत होती."