घरखर्चातून महिन्याला तीन हजार वाचवून होम लोनला खरंच फरक पडतो का?

पडतो, आणि सुरुवातीच्या वर्षांत जास्तच. ३० लाख, २० वर्षं, ८.५ टक्के धरा. हप्ता साधारण २६,०३५ रुपये. पहिल्या हप्त्यातले २१,२५० नुसतं व्याजच! पहिल्या महिन्यापासून दरमहा ३,००० जास्त भरले आणि व्याजदर तोच राहिला, तर कर्ज साडेपंधरा वर्षांच्या आसपास संपतं. व्याज आठ लाखांहून जास्त वाचतं.

आता तीन हजार आणायचे कुठून? आम्ही कोपरखैरण्याला राहतो. मजल्यावरची चार घरं मिळून वाशीच्या एपीएमसी घाऊक बाजारातून कांदा-बटाट्याची गोणी आणतो. जिन्यात वजनकाटा मांडून वाटणी होते. सडके कांदे कोणाच्या वाट्याला, यावरून दर वेळी कुरबुर होतेच, पण किलोमागे बरे पैसे सुटतात. तरी खरं सांगू? भाजीपेक्षा मोठं भोक वेगळंच होतं. ठाण्याला ऑफिसला जाताना उशीर झाला की मी कॅब करायचो. ट्रान्स-हार्बर लोकलचा पास काढला आणि निम्मं काम तिथेच झालं. उरलेलं बाहेरून मागवलेल्या जेवणातून निघालं. मुलांचं दूध-फळं मात्र कापू नका.

फ्लोटिंग रेटच्या, म्हणजे बदलत्या व्याजदराच्या, वैयक्तिक गृहकर्जावर बँकेला प्रीपेमेंट दंड (मुदतीआधी पैसे भरल्याचा दंड) लावता येत नाही. जादा भरताना ‘हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा’ असं लेखी द्या. आमच्या बँकेने न विचारता हप्ताच कमी केला होता, दोन चकरा पडल्या.