अचानक हल्ल्याचा हिशेब : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सोलापुरातील डॉ. कोटणीस स्मारक विद्यार्थ्यांना दाखवताना जपान-चीन युद्धाचा विषय निघाला. चीनमध्ये आधीच अडकलेल्या जपानने १९४१ मध्ये अमेरिकेचे वैर का ओढवून घेतले? (एक शिक्षिका, जुळे सोलापूर)

उत्तर : १९३८ मध्ये डॉ. द्वारकानाथ कोटणीस ज्या युद्धातील जखमींवर उपचार करण्यासाठी चीनला गेले, त्याच युद्धात याचे उत्तर आहे. चीनमधील मोहीम आवरती घेण्यास जपानी लष्कर तयार नव्हते आणि जपानला लागणाऱ्या तेलापैकी सुमारे ८० टक्के तेल अमेरिकेतून येत होते. जुलै १९४१ मध्ये जपानने इंडोचायनाच्या दक्षिण भागात सैन्य घुसवले, तेव्हा अमेरिकेने त्याची मालमत्ता गोठवली आणि पाठोपाठ तेलही बंद झाले. इकडे साठा दिवसागणिक घटत होता, तिकडे अमेरिकेच्या गोद्यांत नव्या युद्धनौका बांधल्या जात होत्या. डच ईस्ट इंडीजमधील, म्हणजे आजच्या इंडोनेशियातील, तेलक्षेत्रे घ्यायची तर हवाई बेटांवरील अमेरिकी आरमार आडवे येणार, म्हणून ते आधीच जायबंदी करावे, असा टोकियोचा हिशेब होता. असा हल्ला उन्मत्त बलवानच करतो, अशी आपली समजूत असते. मला मात्र तो बहुधा उशीर झाला तर आपण संपलो, असे मानणाऱ्याचा जुगार वाटतो.

७ डिसेंबरच्या सकाळी सहा विमानवाहू नौकांवरून निघालेली साडेतीनशे विमाने दोन तुकड्यांनी पर्ल हार्बरवर तुटून पडली. युद्धनौका बुडाल्या, परंतु अमेरिकेच्या विमानवाहू नौका त्या दिवशी बंदरात नव्हत्या आणि किनाऱ्यावरील तेलाच्या टाक्या शाबूत राहिल्या. तेलासाठी युद्ध पुकारणाऱ्यांनी शत्रूचे तेल तसेच सोडावे, हे नवलच! जून १९४२ मध्ये प्रशांत महासागरातील मिडवे बेटाजवळच्या लढाईत जपानच्या त्या सहांपैकी चार नौका समुद्रतळाशी गेल्या.

प्रश्न : हेरखाती असूनही सुगावा कसा लागत नाही? (अक्कलकोट)

उत्तर : सुगावा बहुतेक वेळा लागतो, विश्वास बसत नाही. १९७३ मध्ये सुवेझ कालव्यापलीकडील इजिप्शियन सैन्याची जमवाजमव इस्रायलला दिसत होती. पण पुरेसे हवाई बळ हाती आल्याशिवाय इजिप्त लढणार नाही, हे इस्रायलच्या लष्करी हेरखात्याने गृहीतच धरले होते. इजिप्तचे अध्यक्ष सादात यांना मात्र इस्रायलचा पाडाव करायचा नव्हता, तर कालवा ओलांडून कोंडी फोडायची होती. ६ ऑक्टोबरला इजिप्तच्या सैनिकांनी इस्रायलचा वाळूचा उंच बांध पंपाच्या पाण्याच्या जोरदार झोताने फोडला.

प्रश्न : ३ डिसेंबर १९७१ चा पाकिस्तानचा हवाई हल्ला का फसला? (बार्शी)

उत्तर : पाकिस्तानसमोर १९६७ चा इस्रायली कित्ता होता, म्हणजे शत्रूची विमाने अचानक हल्ल्याने जमिनीवरच नष्ट करणे, परंतु १९६५ मध्ये पठाणकोटला उघड्यावर उभी विमाने गमावल्यापासून भारताने पक्के निवारे बांधले होते. शिवाय हल्ल्यासाठी आलेली विमाने थोडी आणि विमानतळ अनेक, त्यामुळे धावपट्ट्यांवर पडलेले खड्डे लवकरच बुजवले गेले आणि त्याच रात्री भारतीय विमाने प्रतिहल्ल्यासाठी उडाली.