शिव्या मोजल्या, गोष्ट राहिली

प्रश्न : सर नमस्कार. मी राजारामपुरीत राहतो, पोरगा बारावीला आहे. परवा त्यानं आणि मित्रांनी घरातच 'सुपरबॅड' नावाचा इंग्लिश पिक्चर लावलेला, मी चहा द्यायला गेलो आणि जे कानावर पडलं ते ऐकून ट्रे ठेवून तसाच माघारी आलो. नंतर त्यावरचं एका समीक्षकाचं परीक्षण वाचनात आलं. त्यात लिहिलंय की दोन तास नुसती घाण आहे, तीन पोरं दारू आणि पोरींच्या मागं पळतात, ना गोष्ट ना संस्कार. मी ते पोराला वाचून दाखवलं तर म्हणतो, पप्पा, ह्या माणसानं पिक्चर शेवटपर्यंत बघितलेलाच नाही. तेव्हापासून आमच्यात बोलणं बंद आहे. कोण बरोबर, तुम्हीच सांगा.

उत्तर : दादा, तुम्ही दारातनं माघारी आलात ह्यात तुमचं काहीच चुकलं नाही. पिक्चर वंगाळच बोलतो, अमेरिकेत त्याला 'आर' सर्टिफिकेट आहे म्हणजे १७ च्या आतल्या पोरांनी मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय थेटरात शिरायचं नाही. त्यात मॅकलव्हिन नावाचं खोटं लायसन घेऊन फिरणारा जो पोरगा आहे ना, तो नट स्वतःच तेव्हा १७ वर्षांचा होता, म्हणून त्याच्या तसल्या सीनच्या शूटिंगला त्याच्या आईला सेटवर हजर राहावं लागलेलं. तिची काय अवस्था झाली असेल हे तुम्हाला आता बरोबर कळेल.

पण 'ना गोष्ट' हे वाचून मला खरंच राग आला. गोष्ट आहे, आणि ती तुमच्या घरातल्या पोराच्या वयाचीच आहे. सेथ आणि इव्हान लहानपणापासूनचे जिगरी, शाळा संपत आलीय, इव्हानला डार्टमथ कॉलेजला ॲडमिशन मिळालीय, सेथला तिथं मिळालेली नाही. आता हे दोघं वेगळे होणार, आणि ह्या एका गोष्टीवर धड बोलायचं सोडून ते दिवसभर जगातल्या बाकी सगळ्यावर बोलतात, मोठमोठ्यानं आणि घाण घाण. सेथ रोगन आणि इव्हान गोल्डबर्ग ह्या दोन मित्रांनी हे लिहायला घेतलं तेव्हा ते १३ वर्षांचे होते, म्हणून तर पात्रांची नावं त्यांचीच आहेत, आणि पिक्चर आला २००७ ला. म्हणजे ती भाषा मोठ्यांनी पोरांच्या तोंडात कोंबलेली नाही, ती पोरांचीच आहे.

आमची बारावी झाली तेव्हा आमच्यातला एकजण पुण्याला निघाला. आम्ही सगळे स्टँडवर सोडायला गेलो, एसटी हलेपर्यंत त्याला नाही नाही त्या शिव्या घातल्या, आणि गाडी गेल्यावर रंकाळ्यापर्यंत चालत आलो तर वाटेत एकानंसुद्धा तोंड उघडलं नाही. त्या शिव्या कुणी मोजल्या असत्या तर त्याच्या वहीत आमच्याबद्दल काय आलं असतं?

चावट विनोदाला मी एकच विचारतो, बाबा तू पडतोयस कुणावर? आपल्याकडं तमाशातली मावशी गवळणीत काय काय बोलते, आपले आजोबा पोट धरून हसायचे, कारण फजिती व्हायची ती आव आणणाऱ्याची. ह्या पिक्चरमधे सेथचा सगळा बेत असा की पार्टीत दारू न्यायची, त्याला आवडणारी ज्यूल्स पिणार आणि मग जमणार, त्या दारूसाठी दिवसभर लचांड, पोलिस, पळापळ, आणि शेवटी ज्यूल्स म्हणते मी पीतच नाही. फजिती कुणाची झाली? इव्हानला आवडणारी बेका प्यालेली असते, स्वतःहून जवळ येते, तर तो मागं सरतो कारण ती शुद्धीत नाही. हे दोन्ही प्रसंग परीक्षणात नाहीत, आणि संस्कार शोधायचे होते तर ते तिथंच होते की! त्याच रात्री दोघं स्लीपिंग बॅगमधे पडून एकमेकांना सांगतात की माझं तुझ्यावर प्रेम आहे, आणि दुसऱ्या दिवशी मॉलमधे सरकत्या जिन्यापाशी वेगळे होतात, मान वळवून बघत. तुमचा पोरगा 'शेवटपर्यंत' म्हणतोय तो हाच शेवट असणार.

बाबूराव पेंटरांनी इथंच कोल्हापुरात 'सैरंध्री' हा मूकपट केला, १९२० साली, त्यातला कीचकवध इतका खरा वाटला की लोक हादरले आणि तो भाग काढावा लागला. आता त्यावर कुणी नुसतं रक्ताबद्दल लिहिलं आणि भीमानं कीचकाला का मारलं हेच सांगितलं नाही तर ते परीक्षण कसलं, तसंच इथं झालंय.

समीक्षकाला झोडायला जागा नव्हती असं अजिबात नाही हं. पार्टीत एका बाईच्या पाळीचा डाग सेथच्या पँटला लागतो आणि त्यावर सगळ्यांना हसवलंय, तिथं विनोद फिरून त्या बाईवरच पडतो आणि मला ते लई लागलं. पोरींना स्वतःचं असं फारसं काही दिलेलंच नाही, अख्खा पिक्चर पोरांच्या नजरेतनं. ह्यावर दोन ओळी आल्या असत्या तर मी परीक्षण कापून ठेवलं असतं, पण सगळ्यालाच 'घाण' म्हणल्यावर खरी घाण कुठली हे वाचणाऱ्याला कळणार कसं?

तुम्ही एकदा एकट्यानं सुरुवातीपासनं बघा, अबोला तुम्हीच मोडा, आणि त्या डागाच्या सीनला तू हसलास का आणि का हसलास हे त्याला विचारा. रागानं नको, नुसतं विचारा.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. मोबाईलवर पोरापोरींचे कॉमेडी पिक्चर येतात, त्यावर १६+ लिहिलेलं असतं, ते सेन्सॉरवाले देतात का? (एक आई, मंगळवार पेठ)

उत्तर : नाही ताई, ओटीटीवरचा तो आकडा २०२१ च्या नियमांप्रमाणे ती कंपनी स्वतःच ठरवते. थेटरच्या पिक्चरला सेन्सॉर बोर्ड देतं, आणि २०२३ ला कायदा बदलून तिथंही यूए चे ७+, १३+, १६+ असे भाग केलेत. यूए म्हणजे बंदी नाही, आईबापानं ठरवायचं, बंदी फक्त 'ए' ला, १८ च्या आतल्यांना. मोबाईलवर आकड्याशेजारी शिव्या, नशा, लैंगिक विषय असं काय आहे तेही लिहिलेलं असतं, आकड्यापेक्षा ते आधी वाचा. आणि १३+ ला आणि त्याच्या वरच्याला पॅरेंटल लॉक द्यावाच लागतो त्यांना, तो सेटिंगमधे सापडेल.