फरशी पुसली की व्यायाम झाला?

प्रश्न : मी ५३ वर्षांची, डोंबिवलीत राहते. आठ महिन्यांपूर्वी भाचीच्या नादानं मॅक्रोबायोटिक आहार सुरू केला. दोन्ही वेळा ब्राउन राइस, मिसोचं (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचं) सूप, भाज्या, थोडी कडधान्यं. दूध, अंडी, साखर बंद. सहा किलो वजन उतरलं, पण आता तिसरा मजला चढताना मध्येच थांबावं लागतं. भाची म्हणते, यात जिम लागत नाही; चालणं आणि घरकाम पुरे. खरं का?

उत्तर : भाची खोटं बोलत नाही. बॉस्टनमध्ये राहून ही पद्धत अमेरिकेत रुजवणारे मिचिओ कुशी दिनचर्येच्या सूचना देत, त्यात रोज अर्धा तास चालणं आहे, फरशी घासणं, खिडक्या पुसणं, कपडे धुणं आहे. प्रत्येक घास पन्नास वेळा चावायचा, गरम पाण्यात पिळलेल्या पंच्यानं अंग घासायचं, रोज एखादं गाणंही म्हणायचं. योगासनं, खेळ यांनाही त्यांची ना नव्हती.

पण तुमचं ते थांबणं मला खटकतंय. १९८४ साली मी बॉस्टनला लागून असलेल्या ब्रुकलाइनमध्ये याच पंथातल्या मंडळींच्या घरात भाड्यानं राहत होते. शनिवारी लाकडी फरशी घासायची पाळी माझी. पन्नास वेळा चावता चावता जबडाच दमायचा आणि ताट अर्ध्यावर राहायचं. मार्चमध्ये ट्रामच्या थांब्यावरून घरी येताना चढावर चक्क बर्फाच्या ढिगावर बसले. घरातले म्हणाले, शरीर साफ होतंय, होऊ दे. मी शहाणी, सहा आठवडे होऊ दिलं. मग रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.६! गंमत म्हणजे या पंथाचे मूळपुरुष जॉर्ज ओसावा यांनी निरोगी माणसाच्या ज्या खुणा सांगितल्या, त्यांत पहिलीच खूण आहे थकवा नसणं. म्हणजे त्यांच्याच हिशोबानं मी नापास होते.

तेव्हा आधी डॉक्टरांकडे जा. धाप लागत असेल किंवा छातीत दडपण येत असेल, तर आजच. ईसीजी, हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड बघून घ्या. दूध-अंडी सोडल्यावर बी-१२ मिळायला जवळपास काही उरत नाही; मिसो आणि समुद्री शेवाळावर त्यासाठी भिस्त ठेवू नका. शरीरातला साठा बराच काळ पुरतो म्हणतात, पण आपल्याकडच्या शाकाहारी बायकांचा तो बऱ्याचदा आधीच तळाला गेलेला असतो. कमी निघालं तर गोळी घ्या. त्यानं आहार बाटत नाही. मिसो खारट असतो, बीपी असेल तर जपून. आणि सहा किलोंत स्नायूही गेले असणार, म्हणून वरण पातळ पाण्यासारखं न करता वाटीभर घट्ट खा.

घरकामाचं म्हणाल, तर उकिडवं बसून फडक्यानं फरशी पुसणं हा मांड्यांचा आणि खांद्यांचा उत्तम व्यायाम आहे. पण खरं सांगा, तुमच्याकडे फरशी कोण पुसतं? मावशी, आणि त्याही उभ्यानं, दांड्याच्या मॉपनं. मग तुमच्या वाट्याला फोडणी देणं उरतं, त्यानं धाप लागत नाही. पाळी गेल्यावर हाडं विरळ होत जातात, त्यांना भार लागतो. नुसत्या चालण्यानं ते भागत नाही. जागतिक आरोग्य संघटनाही आठवड्याला किमान १५० मिनिटं चालण्यासारख्या हालचालींशिवाय दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते. जिमच हवी असं नाही. खुर्चीवरून हात न टेकता दहादा उठा-बसा, भिंतीला हात लावून जोर काढा, एकेका हातात किलोभर डाळीची पिशवी घेऊन हात वर-खाली करा. गुडघे कुरकुरत नसतील तर एक खोली मावशींकडून मागून घ्या.

हे सगळं मात्र रिपोर्ट आल्यावर. तोवर फार तर सपाट रस्त्यावर झेपेल तेवढंच चाला. पंच्यानं अंग घासायला हरकत नाही. कातडी छान होते, त्यापलीकडे काही होतं असं मला कधी जाणवलं नाही. गाणं मात्र मी अजून म्हणते, शेजारी कुरकुरले तरी.