पूर-वादळानंतरच्या राडारोड्यासाठी सोसायटीने आधी काय ठरवून ठेवावं?

तुमची सोसायटी कुर्ल्यात सखल भागात आहे आणि पाणी ओसरल्यावर साचणाऱ्या राडारोड्याची तयारी कशी करायची, असं तुम्ही विचारलंय. मी म्हणेन, सगळ्यात आधी जागा ठरवा. फावडी, घमेली, गमबूट ऐनवेळीही मिळतील. ढीग कुठे लावायचा हे मात्र मे महिन्यातच सभेत ठरायला हवं. डंपर मागे घेता येईल अशी गेटजवळची जागा निवडा. गटाराची जाळी, मीटर रूम आणि अग्निशमनाच्या गाडीची वाट मोकळी राहायला हवी.

मी कलिन्यात राहतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. नंतर तळमजल्यांवरच्या गाद्या, फुगलेली कपाटं, कुजलेलं धान्य, फ्रिज, सगळं रस्त्यावर एकावर एक येऊन पडलं. असा मिसळलेला ढीग उचलायलाही कठीण आणि तिथे उंदीरही होतात. त्या ऑगस्टमध्ये मुंबईत लेप्टोची (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्या-चिखलातून, जखमेवाटे होणाऱ्या तापाची) मोठी साथ आली होती, हे विसरू नका. साफसफाईला अनवाणी कुणालाही उतरू देऊ नका, आणि पायाला जखम असलेल्यांनी चिखलापासून लांबच राहावं.

म्हणून ढीग पहिल्या तासापासूनच वेगळे लावा. कुजणारं धान्य आणि अन्न सगळ्यात आधी बाहेर गेलं पाहिजे. विटा-माती एकीकडे, फ्रिज-टीव्ही दुसरीकडे. रंगाचे डबे, अ‍ॅसिड, बॅटऱ्या झाकून बाजूला ठेवा. जुने सिमेंटचे पत्रे फोडू नका. त्यांत अनेकदा अ‍ॅस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुप्फुसांना घातक, तेव्हा ओले करून अख्खेच उचला. फांद्या स्वच्छ राहिल्या तर त्यांचा भुसा करून खत होतं. त्यात काचा आणि प्लास्टिक गेलं की त्या निव्वळ कचरा.

मे २०२१ च्या तौक्ते वादळात मुंबईभर झाडं पडली होती. तारेवर पडलेल्या झाडाला हात लावू नका. महापालिकेच्या १९१६ या हेल्पलाइनवर फोन करा, वीज कंपनीलाही कळवा. दबलेली फांदी कापताना उसळून लागते, त्यामुळे ते काम कोयता घेतलेल्या हौशी पोरांचं नाही.

काही टाकण्याआधी प्रत्येक घराने फोटो काढावेत. पंचनामा आणि विमा दोन्हींना ते लागतात. आणि काहीही झालं तरी गाळ नाल्यात ढकलू देऊ नका. जुलैनंतरही पावसाळा बराच उरलेला असतो, तोच नाला पुन्हा तुंबतो.

या कामाची जबाबदारी दोघांवर सोपवा. तुमच्या भागाच्या मुकादमाची (महापालिकेच्या सफाई कामगारांवर देखरेख करणाऱ्याची) चौकी कुठे आहे, हे त्यांनी आत्ताच जाऊन पाहून यावं.