सिंगापूरहून आणलेल्या पोटाच्या गोळ्यांवर ‘मु श्यांग’ लिहिलंय. हे कसलं मूळ? पोटफुगीवर घेतलं तर चालेल का?

मूळ ओळखीचंच निघेल. मु श्यांग म्हणजे आपलं कोष्ठ. काष्ठौषधींच्या दुकानात काही जण उपलेट म्हणतात तेच. मूळचं हिमालयातलं, अथर्ववेदात तापाला पळवून लावायला त्याची विनवणी आहे. चीनमध्ये ते जहाजाने क्वांगचौ बंदरात उतरायचं, म्हणून ‘क्वांग मु श्यांग’. विसाव्या शतकात युन्नानमध्ये लागवड झाली आणि ते ‘युन मु श्यांग’ झालं.

मी सिंगापुरातच राहते. घराखालच्या चिनी औषधांच्या दुकानातल्या आंटीने एकदा त्याची चकती हातावर ठेवली होती. तपकिरी, मध्ये तेलकट ठिपके. वासाला सुगंध म्हणायला जीभ रेटत नाही. न वाळलेल्या केसांना येतो तसला काहीसा. चघळली तर कडूजहर, मग जिभेला चुरचुर.

आपल्याकडे कोष्ठ दमा-खोकल्यावरही देतात, चिनी वैद्यांचा सगळा रोख पोटावर. पोटातली ‘ची’, म्हणजे शरीरात खेळणारी प्राणशक्ती, अडली की पोट फुगतं, दाटतं, कळा येतात, आणि आवेत कितीही कुंथलं तरी साफ झाल्यासारखं वाटत नाही, असं त्यांचं म्हणणं. आवेवर ‘ह्वांग ल्येन’ या कडू मुळाबरोबर त्याची गोळी करतात, ‘श्यांग ल्येन वान’. काढ्यात ३ ते ६ ग्रॅम, तेही अगदी शेवटी. आधीपासून उकळलं तर तेल उडून जातं. जुलाबासाठी मात्र उलटं. चकत्या कागदाच्या थरांत ठेवून भाजतात, कागद तेल पिऊन घेतो. तेलासकट दिलं तर वारा सरतो, तेल काढून दिलं तर जुलाब आवरतात. मला ही युक्ती भारी वाटते.

आता तुमची डबी. नावाआधी ‘छिंग’ आहे का बघा. ‘छिंग मु श्यांग’ असेल तर सरळ फेकून द्या. ते कोष्ठ नव्हेच, ईश्वरीच्या कुळातल्या वेलाचं मूळ आहे. त्यातल्या ॲरिस्टोलोकिक आम्लाने मूत्रपिंडं कायमची निकामी होतात, मूत्रमार्गाचा कर्करोगही होतो. चीननेच २००४ मध्ये ते औषधांतून काढलं. नावांचा घोळ किती महागात पडतो ते १९९० च्या दशकात ब्रुसेल्समध्ये दिसलं. वजन उतरवायच्या गोळ्यांत ‘फांग ची’ऐवजी याच कुळातली ‘क्वांग फांग ची’ गेली आणि शंभरावर बायकांची मूत्रपिंडं बिघडली.

साधं मु श्यांग असेल, तरी गोळीत आणखी काय काय आहे ते डॉक्टरांना दाखवून मगच घ्या. गरोदर असाल किंवा शेवंती-झेंडूची ॲलर्जी असेल तर नकोच, कोष्ठ त्याच कुळातलं. शौचातून रक्त पडत असेल किंवा ताप असेल तर गोळ्या बाजूला ठेवून आधी दवाखाना.

आणि सिंगापूरहून येणाऱ्या कुणा मित्राला सुटं मूळ आणायला सांगू नका. रानटी कोष्ठ ओरबाडून संपत आलंय, १९८५ पासून ते साइट्सच्या, म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या म्हणजे सगळ्यात कडक परिशिष्टात आहे. परवान्याशिवाय विमानतळावर सापडलं तर बिचारा तो अडकेल.