ट्रेझरी कॉमिक्सचा गठ्ठा 3,800 डॉलरला घ्यावा का?

एडिसन, न्यू जर्सीहून एका वाचकताईंनी विचारलं आहे: विज्ञानपटांच्या मोठ्या आकारातल्या जुन्या कॉमिक्सची त्यांना आवड आहे. ओळखीच्या एका विक्रेत्याकडे 40 ट्रेझरी आवृत्त्या (नेहमीपेक्षा बऱ्याच मोठ्या आकाराची कॉमिक्स) एकगठ्ठा 3,800 डॉलरला मिळताहेत. पैसे अडीअडचणीच्या फंडातून काढायचे, यंदा रॉथ आयआरएत (निवृत्तीसाठीच्या करसवलतीच्या खात्यात) काही भरायचं नाही आणि दहा वर्षांनी गठ्ठा विकून मुलीच्या कॉलेजला हातभार लावायचा, असा बेत आहे. मिस्टरांचा विरोध आहे.

ताई, गठ्ठा घेऊ नका. निवडक प्रती जरूर घ्या, पण त्यांना कॉलेजच्या हिशेबात धरू नका.

आधी फंड बघू. तुमच्याकडे 14,000 डॉलर आहेत आणि घरखर्च महिन्याला 5,200. म्हणजे तीन महिनेही पुरेपूर निघत नाहीत. त्यातून 3,800 गेले की दोन महिन्यांचाही खर्च निघणार नाही. नोकरी गेली तर कॉमिक्स घाईने विकावी लागतील, आणि घाईच्या विक्रीत घेणारा पहिल्यांदा भावच पाडून मागतो. रॉथचंही तसंच. एखाद्या वर्षाची मर्यादा मुदतीत वापरली नाही तर ती कायमची जाते, पुढच्या वर्षी जास्त भरून काढता येत नाही.

आता परताव्याचं गणित. समजा भाव दरसाल 5 टक्क्यांनी वाढला. हे गृहीतक आहे, हमी नाही. दहा वर्षांनी 3,800 चे सुमारे 6,190 होतील. ऑनलाइन विक्रीचं कमिशन 15 टक्के धरलं तर हातात 5,260 येतील. पिशव्या-पुठ्ठ्यांवर 120 खर्च धरा. उरलेला नफा साधारण 1,340. अशा संग्रहणीय वस्तूंवरच्या दीर्घकालीन नफ्याला संघीय कर जास्तीत जास्त 28 टक्के लागतो, शेअर्ससारखी 15 टक्क्यांची सवलत मिळत नाही. तुम्ही आयकराच्या 24 टक्क्यांच्या टप्प्यात आहात, म्हणजे त्याच दराने सुमारे 320 कर, राज्याचा वेगळा. शेवटी वर्षाला 2.3 टक्क्यांच्या आसपास पडतात, तेही सगळ्या प्रती विकल्या गेल्या तर. हेच पैसे 529 खात्यात (शिक्षणासाठीच्या बचत खात्यात) ठेवले तर पात्र शैक्षणिक खर्चासाठी काढताना वाढीवर संघीय कर नाही. शिवाय छंदाची वस्तू तोट्यात विकली तर तो तोटा करात वजा मिळत नाही.

गठ्ठ्याबद्दल माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. तुमच्या यादीत 40 पैकी सातच प्रती विज्ञानपटांच्या आहेत. उरलेल्या 33 बहुतेक सुपरहीरोंच्या जुन्या कथांचं पुनर्मुद्रण. सरासरी 95 डॉलर तुम्ही त्यांच्यासाठीही मोजताय. विक्रेत्याला प्रत्येक प्रतीचा वेगळा भाव मागा आणि तो ईबेवरच्या ‘विकल्या गेलेल्या’ नोंदींशी ताडून बघा. विक्रीला लावलेले आकडे काहीही असू शकतात.

‘स्टार वॉर्स’बाबत जरा सांभाळा. 1977 च्या नेहमीच्या आकाराच्या पहिल्या अंकाची 30 ऐवजी 35 सेंट छापलेली चाचणी आवृत्ती अतिशय महाग आहे. तिचे आकडे दाखवून ट्रेझरीचा भाव चढवला जातो, दोन्हींचा काही संबंध नाही. ट्रेझरीत पहिल्या दोन भागांत मिळून नेहमीच्या मालिकेचे पहिले सहा अंक आहेत आणि 1978 चा तिसरा भाग तेच सहा एकत्र देतो. वाचायचंच असेल तर तिसरा एकटा पुरतो. पहिल्या दोन भागांच्या, मूळ प्रकाशक मार्व्हलऐवजी व्हिटमन या कंपनीच्या नावाने छापलेल्या प्रतीही निघाल्या होत्या, त्या मार्व्हलच्या नोंदींशी ताडू नका. जॅक किर्बींची 1976 ची ‘2001: अ स्पेस ओडिसी’ मी जरूर घेईन, तिथे चित्रांना या आकाराचा खरा फायदा मिळतो.

प्रत हातात घेतल्यावर मधली पानं उघडून पिना बघा. पान मोठं आणि जड असल्याने मुखपृष्ठ पिनांपाशीच फाटतं, गंज असेल तर त्याचा डाग कागदात उतरतो. मग पाठीवर, म्हणजे पिनांच्या घडीवर, तिरपा उजेड टाका. आडव्या बारीक सुरकुत्यांवर रंग उडाला असेल तर विक्रेत्याने लिहिलेला दर्जा मान्य करू नका. कोपरे दबलेले, पानं पिवळी आणि कडेला ठिसूळ, मागच्या पानावर पेनाने नाव, या सगळ्याला भाव कमी. पानं मोजाच. डब्याला बुरशीचा वास येत असेल तर परत फिरा, तो वास बाकीच्या संग्रहातही शिरतो.

साठवायला नेहमीची कॉमिक पिशवी चालत नाही. साधारण 10 बाय 14 इंचांची प्रत मावेल अशी ट्रेझरी आकाराची मायलर (पारदर्शक, टिकाऊ प्लास्टिकची) पिशवी आणि आम्लमुक्त पुठ्ठा घ्या. प्रती आडव्या, थोड्या थोड्याच रचा. आधाराशिवाय उभ्या ठेवल्या तर खाली वाकतात. तळघरात नको, तिथे दमट असतं. पोस्टाने मागवणार असाल तर लक्षात ठेवा, जाहिराती असलेली कॉमिक्स पुस्तकांसाठीच्या स्वस्त टपालसेवेत, म्हणजे मीडिया मेलमध्ये, बसत नाहीत. दोन कडक पुठ्ठ्यांमध्ये बांधून विमा उतरवून पाठवायला सांगा. घराच्या विम्यात संग्रहाची मर्यादा किती, तेही एजंटला विचारा.

माझा प्रस्ताव असा: वर्षाला 600 डॉलरचं छंदाचं बजेट मिस्टरांशी बोलून ठरवा, आणि ते पगारातून काढा, फंडातून नाही. विक्रेत्याला सात प्रतींचाच भाव विचारा. तो सगळा गठ्ठाच घ्या म्हणून अडून बसला तर थांबा. या आवृत्त्या भरपूर छापल्या गेल्या आहेत, दुर्मीळ असते ती फक्त चांगल्या अवस्थेतली प्रत, आणि ती सुटी मिळते.